नंबर जुळला!

लाकडी मुठीचा उजवा फळा स्क्रू सोडवून उलटा केला आणि आतल्या बाजूला ठोकलेला नंबर वाचला. मुठीच्या तळाशी तोच नंबर. सिलिंडरच्या मागच्या बाजूला तोच. सिलिंडर उघडून नळीच्या खाली पाहिलं, तर तिथेही तोच! म्हणजे १९५०च्या आसपास मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातून हे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर ज्या भागांनिशी निघालं, त्याच भागांनिशी माझ्या हाती आलंय.

आपल्याकडे असताना रिव्हॉल्व्हर पाहिलं ते फक्त सिनेमात. अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही कधी ओढ वाटली नव्हती. पण टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने एकदा जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की संपलंच! भाग एकमेकांना कानस मारून, पुन्हापुन्हा लावून बघून बसवलेले. उजव्या बाजूचं झाकण सांगाड्यात असं बसलंय की सांध्यावरून नख फिरवलं तरी लागत नाही. त्या झाकणाला चार स्क्रू आणि पाचवा चापाच्या कड्यापुढे. या पाच स्क्रूंना जाणकारांत केवढा मान! १९५०च्या दशकात झाकणाचा वरचा स्क्रू गेला, १९६०च्या सुरुवातीला पुढचाही गेला, त्यामुळे नुसते स्क्रू मोजून काळ ओळखता येतो.

आणि ते टायमिंग! आधी सिलिंडर उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत ना ते डोळ्यांनी पाहायचं, बोटानेही चाचपायचं. मग दुकानदाराला विचारून घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढायचा. सिलिंडर फिरतं, आणि घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत खट्‌कन आपल्या खाचेत अडकतं. एका चेंबरवर नाही, सहाही चेंबरवर हे बघायचं. माझं सहाही वेळा अडकलं, आणि अडकल्यावर सिलिंडरला पुढेमागे प्ले जवळजवळ नाहीच. इतक्या वर्षांनंतर!

हे मॉडेल दुर्मीळ मुळीच नाही. ‘मिलिटरी अँड पोलिस’, .३८ स्पेशल. १८९९ साली आलं, १९५७ नंतर ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं, आणि लाखोंनी बनलं. म्हणून तर परवडतं! १९३५चं रजिस्टर्ड मॅग्नम किंवा कोल्टचं पायथन घ्यायला निघालात तर आकडे ऐकूनच घाम फुटेल. पण तेच कसब, तीच निगुती या साध्या पोलिसी रिव्हॉल्व्हरमध्येही आहे, हे मला अजून खरं वाटत नाही.

घ्यायचंच असेल तर एक सांगतो, चकाकीला भुलू नका. पुन्हा ब्लूइंग केलेलं रिव्हॉल्व्हर लांबून नव्यासारखं दिसतं, पण जवळून पाहा: अक्षरांच्या कडा पुसट, स्क्रूची भोकं पॉलिशने खोलगट झालेली. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच कोसळते. माझ्या रिव्हॉल्व्हरचा निळा रंग नळीच्या टोकाला चामडी म्यानात घासून गेलाय, आतलं पोलाद चमकतंय. राहू दे तसंच! तो कुणा शिपायाच्या कमरेवरच्या वर्षांचा हिशेब आहे.

कागदपत्रं सगळी रीतसर. पन्नास वर्षांवरची शस्त्रं इथल्या कायद्यात संग्राह्य मानली जातात, पण दुकानात फॉर्म भरावाच लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणीही होते. व्हायलाच हवी.

आता नंबर पाठवून, शुल्क भरून कंपनीच्या जुन्या नोंदींतून पत्र मागवता येतं: हे कोणत्या तारखेला, कुणाकडे रवाना झालं. अर्ज आजच टाकलाय. आणि त्याचबरोबर कोल्टच्या ‘ऑफिशियल पोलिस’चा शोध सुरू केलाय, कारण स्मिथचं सिलिंडर डावीकडे फिरतं, कोल्टचं उजवीकडे, आणि मला ती दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून आतली रचना बघायचीय!