दाराबाहेरच्या चपला

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा मनात प्रथम उभी राहिली ती वसतिगृहातील वंदना-सभागृहाबाहेरची चपलांची रांग. आत जाण्यापूर्वी चपला काढायच्या आणि सरळ ओळीत ठेवायच्या, हा नियम होता. एखादी जोडी वाकडी दिसली तर भंतेजी रागावत नसत; स्वतः वाकून ती नीट लावीत. त्या संकोचातून लागलेली सवय आयुष्यभर टिकली. माझ्या घरात आजही कोणी चपला घालून येत नाही. याच सवयीशी जोडलेला एक प्रसंग सांगण्याचे धाडस करतो, कारण माझ्यासारखे अनेक माजी विद्यार्थी आज राहत्या घरात यंत्र बसवून पोट भरीत आहेत.

शाळा सुटल्यावर मी आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकलो आणि वसई पूर्वेच्या एका गाळ्यात बावीस वर्षे लेथवर उभा राहिलो. टाळेबंदीत तो गाळा बंद पडला. थकलेल्या पगारापोटी मला एक जुना लेथ मिळाला. नालासोपाऱ्यातील आमच्या चाळीच्या पुढच्या खोलीत तो बसवला आणि पितळी बुश करून देण्याचे काम सुरू केले. एक अश्वशक्तीची मोटर, पत्र्याचे छप्पर, पंख्याच्या लाइनवरून ओढलेली वायर, असा सारा संसार. यंत्राच्या प्लगला तीन पिना होत्या आणि भिंतीतील सॉकेट दोन पिनांचे. वरची जाड पिन मी स्वतःच कापून टाकली. काम अडू नये, एवढाच विचार तेव्हा होता.

पहिल्या पावसाळ्यातच यंत्राला हात लागला की बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. माझ्या पायांत कामाच्या रबरी चपला असत. त्यामुळे त्या झिणझिण्यांपलीकडे काही होत नसे. यंत्र जुने आहे, थोडी वीज उतरायचीच, अशी मी स्वतःची समजूत घालीत राहिलो.

एका संध्याकाळी पाऊस कोसळत होता. उंबऱ्यातून आलेल्या पाण्याने लादी ओली झाली होती. माझी मुलगी, तेव्हा नववीत शिकणारी, चहा घेऊन आली. चपला तिने शिकवल्याप्रमाणे दाराबाहेर काढल्या होत्या. कप ठेवताना तिचा हात लेथला लागला आणि तिथेच चिकटला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मी तिला ओढण्यासाठी झेपावलो, तोच पत्नी ओरडली, “अहो, तिला हात लावू नका!” आणि धावत जाऊन तिने मेन स्विच खाली केला. मुलगी कोसळली. डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. ती वाचली. पत्नी क्षणभर थांबली असती, तर त्या ओल्या लादीवर दोघेही पडलो असतो.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मला ओहमचा नियम आठवला. आपल्या विज्ञानाच्या गुरुजींनी तो पाठ करून घेतला होता. अर्थ मात्र त्या दिवशी कळला. आपल्या घरी वीज येते २३० व्होल्टने. ओल्या शरीराचा रोध एक हजार ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाचा ठेका बिघडण्याचा धोका सुरू होतो. आमच्या बोर्डावर १६ अँपिअरचा एमसीबी होता. म्हणजे तो उडायला सोळा हजार मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह हवा! एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नव्हे, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत कधी सुचले नव्हते. मोटरमधील गळती अंशतः होती, म्हणूनच मुलगी बचावली.

पुढच्या आठवड्यात परवानाधारक वायरमन बोलावला. मीटरपासून यंत्रासाठी ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन घेतली. अर्थिंगचा खड्डा करून हिरवी वायर थेट लेथच्या सांगाड्याला जोडली. खाडीकाठच्या खारट मातीत लोखंडी नळी लवकर गंजते, म्हणून ती दरवर्षी तपासून घेतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परतला नाही की तो क्षणार्धात वीज तोडतो. मोटरला स्टार्टर लावला. वीज जाऊन परत आली तरी यंत्र आता आपोआप फिरत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कितीदा जाते-येते, हे वसई-विरारकरांना सांगायला नको. जुलै २०१८च्या पुरात घराघरांत शिरलेले पाणी आठवून सारे बोर्ड छातीच्या उंचीवर घेतले. लेथ पाणसळ लावून जमिनीला बोल्टने घट्ट केला, पट्ट्यावर जाळी बसवली. मोकळे केस, ओढणी किंवा पदर घेऊन फिरत्या यंत्राजवळ यायचे नाही आणि चकमध्ये चावी विसरायची नाही, हे नियम भिंतीवर लिहिले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार आणि वीज ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ची. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रांना संरक्षक कुंपण सक्तीचे केले. परंतु विजेवर चालणारा कारखाना या कायद्याखाली यायला मुळात किमान दहा कामगार लागत. माझ्या खोलीत कामगार एकच, मी. तिथे निरीक्षक येणार नव्हता. गाळ्यात यंत्राजवळ जाणारा माणूस निदान कामगार असतो. त्याला धोका ठाऊक असतो. घरात मात्र यंत्राजवळ चहा घेऊन मुलगी येते, केर काढायला पत्नी येते, रांगत शेजारचे मूल येते. ती सारी अनवाणी असतात. माझ्या चपलांनी मला वाचवले आणि माझा निष्काळजीपणा त्यांच्या पायांखाली सरकवला. झिणझिण्या मला येत होत्या. त्यांची किंमत दुसऱ्याने मोजली.

शाळेत भंतेजी आम्हांला अप्रमाद हा शब्द समजावून सांगत. जागे राहणे, गाफील न राहणे. तेव्हा तो परीक्षेपुरता लिहिला. आता वाटते, कापून टाकलेली ती एक पिन म्हणजेच प्रमाद.

माजी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात यंत्र असेल आणि त्याला हात लागून कधी झिणझिण्या आल्या असतील, तर आजच काम थांबवा आणि जाणकार वायरमनला बोलवा. घरातील प्रत्येकाला मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा.

आमच्या घरी चपलांची रांग आजही दाराबाहेर सरळ असते. फक्त आता कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर रबरी चपलांचे चार जोड वेगळे ठेवलेले असतात; ते घातल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकीत नाही. आणि दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबण्याचे काम मुलीने स्वतःहून आपल्याकडे घेतले आहे. खट्ट आवाज होऊन वीज जाते, तेव्हा ती म्हणते, “बाबा, चालू आहे.”