शेटलंडची शाल

आमचे चिरंजीव स्कॉटलंडांतील ॲबर्डीन बंदरीं नोकरीस असतात. गेल्या ज्येष्ठांत आम्ही सपत्नीक त्यांजकडे गेलों असतां, कुटुंबाच्या आग्रहामुळें शेटलंड बेटें पाहण्याचा योग आला. तेथील सहा फूट लांबरुंद शाल अंगठींतून आरपार जाते, असें तिनें कोठेंसें वाचलें होतें. आम्हीं ती अतिशयोक्ति ठरविली होती.

ॲबर्डीनहून सायंकाळीं निघालेलें जहाज दुसऱ्या दिवशीं सकाळीं लेरविकला लागतें. तेथून मोटारीनें जात दोन सामुद्रधुन्या तरींतून ओलांडल्या म्हणजे उन्स्ट येतें. ब्रिटनमधील वस्तीच्या बेटांत हें अगदीं उत्तरेकडचें. झाडें जवळजवळ नाहींतच. माळरान, मेंढ्या आणि वारा. अक्षांश साठाच्या वर असल्यामुळें त्या दिवसांत रात्रीं काळोख असा पडतच नाहीं. सायंसंध्या करावी तरी केव्हां, हा आमच्यापुढें मोठाच धर्मप्रश्न पडला!

आम्ही उतरलों त्या घरची मालकीण पंचाहत्तरीची, एकटी. सोबतीला शेटलंडी मेंढपाळ जातीचा म्हातारा कुत्रा. आकारानें लहान, तोंड कोल्ह्यासारखें, मानेभोंवतीं दाट आयाळ. पूर्वीं तेथील शेतांना कुंपणें नसत. पिकांत शिरणाऱ्या मेंढ्या हांकून लावणें हें या कुत्र्यांचें काम. १९०८ सालीं लेरविकला या जातीचें मंडळही निघालें. आतां मेंढ्यांमागें बहुधा मोठे कॉली कुत्रे धांवतात. तेव्हां हाही आमच्यासारखा सेवानिवृत्तच. मात्र आमच्या घरीं कुत्र्यानें ओटीची पायरी चढलेली आम्हांला खपत नसे, आणि येथें तो लोकरीच्या टोपलीला पाठ टेकून निजे! पाणिनीनें श्वान, युवा आणि मघवा म्हणजे इंद्र, या तिघांना एकाच सूत्रांत ओंवलें आहे. तें शिकवितांना कुत्र्याच्या नांवावर वर्गांत हंशा पिकविण्यांत आम्हीं तीस वर्षें घालविलीं.

पहिल्याच सायंकाळीं म्हातारीनें एक पुरी झालेली शाल काढली आणि कुटुंबाच्या अंगठींतून ओढून दाखविली. पाण्याच्या धारेसारखी ती निघून गेली. आमच्या अतिशयोक्तीची स्वभावोक्ति झाली.

या शालीची लोकर मेंढीच्या मानेची; कातरून नव्हे, हातानें उपटून घेतलेली. ती कांतून दोन पदरांस पीळ देतात. असें बारीक सूत कांतणारे हात आतां थोडे उरले आहेत. जाळीचें मर्म एवढेंच, कीं सुईवर रिकामा वेढा घेतला म्हणजे छिद्र पडतें आणि एक टाका वाढतो. तो दोन टाके एकत्र विणून फेडावयाचा. हिशेब चुकला कीं नक्षी मोडली. वृत्तांत एक मात्रा अधिक व्हावी तसें. नक्षी म्हातारी घरांत बसून काढीत नसे. कुत्र्याला घेऊन ती दोन वेळां समुद्रकांठीं जाई, ओहोटीनें वाळूवर उमटलेल्या लहरी पाही, आणि परत येऊन चौकटीच्या कागदावर ठिपके मांडी. दिवसाचें मापही कुत्र्यावरच: सकाळच्या फेरीपासून दुपारच्या फेरीपर्यंत इतक्या ओळी. तिनें टाके सुईच्या मधोमध सरकविले म्हणजे ओळ संपली, हें तो ओळखी आणि तेव्हांच उठे.

तिसऱ्या दिवशीं आमच्या हातून अपराध घडला. म्हातारीचे श्रम वांचवावे म्हणून आम्हींच कुत्र्याला हांक मारली. ओळ अर्धी होती. तो गोंधळून उठला, पायांत धागा अडकला, सुई निसटली, आणि वीसएक टाके भराभर खालीं उसवत गेले. कोणीच बोललें नाहीं. शाल नातीच्या लग्नाची. आठ महिन्यांचें काम. ज्या इंग्रजीच्या जोरावर आम्ही दुभाष्याचा मान मिरवीत होतों, तें क्षमायाचनेपुढें सरकेना. कुटुंबाला इंग्रजी बेताचें. परंतु तिनें चष्मा पुसला, एक बारीक सुई उचलली, आणि दोघींचीं डोकीं शालीवर लवलीं. त्या न मावळणाऱ्या उजेडांत रात्रीं साडेअकरापर्यंत त्यांनीं एक एक टाका वर उचलून आणला. आम्ही व कुत्रा कोपऱ्यांत.

दुसऱ्या दिवशीं म्हातारीनें जुन्या पिढीची हकीकत सांगितली. १८३७ च्या सुमारास लेरविकचेच आर्थर अँडरसन यांनीं येथील विणलेले मोजे व्हिक्टोरिया राणीला नजर केले, आणि या कामाचा बोलबाला झाला. (मुंबईची विलायती टपाल आणणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीचे एक संस्थापक ते हेच.) तरी व्यापारी विणणारीला रोकड क्वचितच देत, चहा, कापड असा दुकानचा माल पदरांत घालीत. १८७२ सालीं सरकारी चौकशी झाली, तींत हें सारें बाहेर आलें. राणीच्या पायांत मोजे, आणि विणणारीच्या हातीं चहाची पुडी! हें ऐकतांना कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. परंतु आमच्या अंगांत तिनेंच विणलेला स्वेटर होता, आणि त्याला किती दिवस लागले हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.

निघतांना म्हातारीनें तिला लोकरीची एक लड दिली. परतीच्या जहाजांत तिचा गुंडा करून तो आमच्या मांडीवर ठेवला, आणि कुटुंब विणावयास बसलें. बाहेर बेटें मागें पडत होतीं. तीं पाहावीं म्हणून आम्ही उठूं लागलों.

“ओळ संपूं द्या,” ती म्हणाली.

आम्ही पुन्हां बसलों, आणि टाके सुईच्या मधोमध केव्हां सरकतात तें पाहत राहिलों.