कान झाकणारं शिरस्त्राण

दर बदलीला माझ्या काळ्या ट्रंकेतून दोन चित्रं आधी बाहेर निघतात. एक प्राचीन ग्रीकांच्या कोरिंथियन शिरस्त्राणाचं. दुसरं १९६६ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर ऑडिटोरियममधल्या रॉक कार्यक्रमाचं पोस्टर, वेस विल्सनने काढलेलं. एनडीएत जडलेली आवड. अभ्यास वगैरे काही नाही.

ब्राँझच्या एकाच तुकड्यातून ठोकून घडवलेलं ते शिरस्त्राण देखणं खरं, पण कान पूर्ण झाकतं. पुढे ग्रीकांनी कानाशी जागा मोकळी सोडलेली शिरस्त्राणंही केली. विल्सनची अक्षरं तर ज्वाळांसारखी उसळतात. थांबून पाहिल्याशिवाय लागत नाहीत.

कंपनी कमांडर होतो, राजस्थानात. एक जवान रजा मागायला आला. "साहब, घर में पिताजी ठीक नहीं हैं." नकाशावरून मान वर न करता मी म्हणालो, "एक्सरसाइज के बाद." चौथ्या दिवशी त्याचे वडील गेल्याचा फोन आला. त्याने तक्रार केली नाही. परत आल्यावर नेहमीसारखा कडक सॅल्यूट ठोकला. तो सॅल्यूट अजून टोचतो.

तेव्हापासून दोन्ही चित्रं ऑफिसात टेबलासमोर लावतो. कुणी आत आलं की पेन खाली ठेवतो.

परवा एक नवा लेफ्टनंट पोस्टरकडे बघत म्हणाला, "सर, काय लिहिलंय ते कळत नाही."

आमचाच कोल्हापूरकडचा पोरगा. त्याला म्हटलं, "बस. घाई करू नकोस."