वेरूळच्या अंधारासाठी जुना कॅमेरा

वेरूळला आलेला यात्रेकरू कैलास लेणे पाहूनच इतका तृप्त होतो, की उत्तरेस सुमारे दीड किलोमीटरवर असलेल्या जैन लेण्यांपर्यंत तो पुष्कळदा पोहोचतच नाही. क्रमांक ३० ते ३४ अशी ही पाच लेणी आहेत. त्यांतील ३२ व्या लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणतात. तेथील गजारूढ यक्षाला पूर्वी इंद्र समजले गेले, त्यावरून हे नाव रूढ झाले. प्रांगणात अखंड पाषाणाचा हत्ती उभा आहे. आत आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. वरच्या मजल्यावर छतात कोरलेले कमळ असून जुन्या रंगचित्रांचे अवशेषही दिसतात.

कुटुंबातील ज्या आजींना तेथील जिना चढवत नाही, त्या खाली सावलीत बसून राहतात. वरून आणलेले छायाचित्र हेच त्यांचे दर्शन. ते अस्पष्ट निघाले, तर त्यांची यात्रा अपुरीच राहते. म्हणून कॅमेऱ्याची निवड येथे केवळ हौसेची बाब उरत नाही.

उन्हातून लेण्यात पाऊल टाकताच डोळ्यांपुढे अंधारी येते. कॅमेऱ्याचीही तीच गत होते. फ्लॅशचा झोत टाकला तर कोरीव कामाची खोली नाहीशी होऊन मूर्ती सपाट दिसते, आणि प्राचीन रंगांवर असा झोत टाकणे उचितही नव्हे. तेव्हा असलेला प्रकाश अधिकाधिक टिपणारा कॅमेरा हवा. जुन्या बाजारात छोटा कॅमेरा घेताना अनेकजण मेगापिक्सेल आणि झूम विचारतात. खरे पाहायचे ते भिंगाचे छिद्र आणि सेन्सरचा आकार. एफ २.८ पेक्षा एफ २ चे भिंग दुप्पट प्रकाश आत घेते. २००९ चा कॅनन पॉवरशॉट एस ९० केवळ १० मेगापिक्सेलचा, पण त्याचे भिंग एफ २ चे आहे. २०१२ च्या सोनी आरएक्स १०० चे भिंग एफ १.८ चे; त्याचा सेन्सर साध्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या सुमारे चौपट क्षेत्रफळाचा, आणि वजन बॅटरीसह अवघे २४० ग्रॅम. मात्र झूम वाढवताच या दोन्ही भिंगांचे छिद्र लहान होते. म्हणून लेण्यात झूम न करता दोन पावले पुढे जावे.

सोने पाहावे कसून, हा व्यापारी घरांचा नियम येथेही लागू पडतो. कॅमेरा चालू-बंद करून भिंग अडखळत नाही ना, ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून त्यात काळे ठिपके दिसतात का, ते तपासावे. भिंगात बुरशी नसावी, बॅटरी फुगलेली नसावी, चार्जर सोबत मिळावा. फार जुने कॅमेरे २ जीबीहून मोठे कार्ड स्वीकारत नाहीत, हेही आधीच विचारून घ्यावे. आणि खरेदीपूर्वी घरचे कपाट अवश्य उघडावे; कदाचित असाच कॅमेरा तेथे वर्षानुवर्षे पडून असेल. गरज भागत असता नवा परिग्रह कशाला?

मूर्ती स्थिर असल्याने शटर थोडे मंद चालले तरी बिघडत नाही. हात तेवढा हलू नये. कोपर अंगाशी धरून, श्वास रोखून, दोन सेकंदांचा टायमर लावावा. वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानी ठेवून बेत आखावा आणि आदल्या रात्री बॅटरी भरून ठेवावी. लेण्यात शिरल्यावर मात्र कॅमेरा काही वेळ खिशातच असू द्यावा. डोळे अंधाराला सरावले, की प्रथम वंदन करावे, आणि मग आजींसाठी छायाचित्र घ्यावे.