आईचं माहेरचं नाव

माझं आडनाव देशपांडे, आणि नाव माझ्या पिढीत घरोघरी असलेलं. त्याच नावाची एक कथाकार पुण्यात माझ्या बऱ्याच आधीपासून लिहिते.

एका दिवाळीत इथल्याच, नागपूरच्या महाल भागातल्या एका बाईंचा फोन आला. आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्या बाईची कथा त्यांनी वाचली होती आणि स्वतःच्या घरातलं सगळं त्या भडाभडा सांगू लागल्या. कथा माझी नव्हती. त्यांना मधेच थांबवून तसं सांगताना जिवावर आलं. त्यांना मन मोकळं करायचं होतं ते दुसऱ्याच लेखिकेपाशी. पुढे एका ग्रंथालयाच्या यादीत माझा कथासंग्रह तिच्या पुस्तकांत लावलेला दिसला, तेव्हा ठरवलं, नाव बदलायचं. नुसत्या नावावर कुणाचा कॉपीराइट नसतो, म्हणजे तशीच लिहीत राहिले असते तरी चाललं असतं. पण ती आधीची. नावावर हक्क तिचा.

नागपुरात टोपणनावाचा विषय निघाला की आधी ग्रेस आठवतात. माणिक गोडघाटे यांना ते नाव सापडलं इन्ग्रिड बर्गमनच्या ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटात. असं नाव पेलायला तशीच कविता हवी. आमच्या देशपांड्यांमध्ये आत्माराम रावजी ‘अनिल’ झाले. ‘बंधनाच्या पलीकडे’ लिहिणारे नागपूरचे पु. य. आणि पु. ल. यांच्यात तर फरक एका अक्षराचा! ही आद्याक्षरं छापील पानावर ठीक. बोलताना कोण लक्षात ठेवतं?

विन्स्टन चर्चिल नावाचा एक अमेरिकन कादंबरीकार होता. इंग्लंडच्या चर्चिलनी १८९९ साली त्याला पत्र लिहून कळवलं, की यापुढे आपण नावात ‘स्पेन्सर’ घालू. मला ते पत्र लिहिणं फार आवडलं. मीही पुण्याला पत्र पाठवलं. उत्तर लगेच आलं. कापूस वेचणाऱ्या बायांवरच्या माझ्या कथेबद्दल तिलाही फोन येत होते, आणि तीही प्रत्येकाला नागपूरचा पत्ता सांगत होती.

मधलं नाव घालावं तर कुणाचं, वडिलांचं की नवऱ्याचं? केशवसुत आणि कुसुमाग्रज मनात घोळत होते. एकानं नावात वडील आणले, दुसऱ्यानं धाकटी बहीण. मग आई का नको? आईचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुन्या नावानं हाक मारणारा एक मामा तेवढा उरला. ते जुनं नाव मी माझ्या नावापुढे जोडलं, आडनाव काढून टाकलं. आईला विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दीर्घ वेलांटी आहे हो त्यात, ऱ्हस्व छापतील. आधीच सांगून ठेव.”

मी सांगते. आणि मानधनाचा चेक मात्र देशपांडे नावानंच काढा, बँकेतलं खातं त्याच नावाचं आहे, हेही प्रत्येक कथेसोबत लिहून पाठवते.