दारावरची पाटी

देवळात जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून कुणी देवावर रुसल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण गाण्याच्या बैठकीत ‘बोलू नये’ एवढेच सांगितले, की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. नियम दुसऱ्यासाठी असला की ती शिस्त, आपल्यासाठी असला की तो जाच!

आमचे ओझर हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. एकीकडे द्राक्षांचे मळे, दुसरीकडे १९६४ साली आलेला विमानांचा कारखाना. मिग आणि पुढे सुखोई याच मातीवरून उडाली. अशा गावात आम्हां वीसपंचवीस वेड्यांचे एक छोटेसे संगीत मंडळ आहे. त्याच्या चिटणिसांचा सारा जन्म यंत्रावर गेला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही ज्याने चालवून घेतला नाही, तो माणूस बैठकीत पाच मिनिटांचा उशीर कसा चालवून घेणार? त्यांनी सुवाच्य अक्षरांत एक पाटी रंगवून दारावर लावली आहे. बैठक वेळेवर सुरू होईल. मोबाइल बंद ठेवावा. ध्वनिमुद्रण करू नये. फर्माईश करू नये. गायन सुरू झाल्यावर दार उघडले जाणार नाही. मध्येच दाद देऊन इतरांच्या श्रवणात व्यत्यय आणू नये. रात्री साडेनऊला बैठक संपेल.

विमाने मात्र ही पाटी वाचत नाहीत. एकदा सकाळच्या बैठकीत एक बुवा तोडी गात होते. कोमल गंधारावर ते स्थिरावतात न स्थिरावतात तोच डोक्यावरून गडगडाट गेला. बुवा थांबले. डोळे मिटून, आवाज विरेपर्यंत स्वस्थ बसले आणि पुन्हा त्याच गंधारावरून उठले. चिटणीस बिचारे आभाळाकडे पाहत राहिले.

तरीही नियमांची थट्टा करण्याचे माझ्या मनात नाही. एके काळी गवई गात असायचा आणि यजमान पानसुपारी अन् गप्पांत दंग असायचे. मर्जी असेल तेव्हा गावे, नसेल तेव्हा उठावे, ही गवयाची पायरी. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वेळेच्या शिस्तीने गाण्याला समाजात मान मिळवून दिला. पुढे आमच्या नाशकातच त्यांचा रामनाम आधाराश्रम होता. वेळेवर येणारा, तिकीट काढणारा, गप्प बसणारा श्रोता हीदेखील त्या पिढीची कमाई आहे. गाणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर बंद दार म्हणजे केवढा दिलासा! तानपुरे जुळले आहेत, विलंबित ख्यालाचे पहिले आवर्तन उलगडते आहे आणि नेमकी तेव्हाच दाराची कडी वाजते. विस्कटलेली ती घडी बसवायला पुढची दहा मिनिटे जातात.

पण नियमाला एक खोड असते. ज्याच्यासाठी तो जन्माला आला, त्यालाच तो विसरतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली. पेटीच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा त्यामागचा विचार अगदीच पोकळ नव्हता. पण घरोघरच्या बैठकीत गायकांना साथ करणारे किती पेटीवाले त्यामुळे तीसएक वर्षे रेडिओच्या दाराबाहेर राहिले! पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला, तो रात्र रात्र चाले. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा २००० सालचा नियम आला आणि रात्रीच्या मैफली आखडल्या. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप मिळाली, हे चांगलेच झाले. पण उत्तररात्रीचे राग बेघर झाले, हेही खरेच. आमच्या बंद सभागृहात तर घड्याळ त्याहून अर्धा तास पुढे! मालकंसाची वेळ व्हायच्या आत भैरवी होऊन जाते.

दादेच्या नियमाने तर एका गायकाला घाबरवूनच सोडले. दहा मिनिटे झाली, वीस झाली, समोर सारे पुतळ्यासारखे बसलेले. शेवटी त्याने तबलजीकडे पाहून हळूच विचारले, “मंडळी आहेत ना?” अहो, समेवर ‘वा!’ आली की गवयाला पुढची वाट दिसते. ती काढून घेतली तर त्याने अंधारात किती चालावे?

मला खरे लागले ते आमच्या आप्पांचे. आप्पा द्राक्षवाले. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. मोटार सुरू करून, बागेला पाणी लावून निघेपर्यंत त्यांना उशीर व्हायचाच. पौषातल्या थंडीत, मफलर गुंडाळून, हा माणूस बाहेरच्या ओट्यावर खिडकीशी उभा राहून बागेश्री ऐकत असे. दोन बैठका असे झाले. तिसऱ्या बैठकीला ओटा रिकामा होता.

त्या दिवशी गायला नाशिकच्या एक वयस्क बाई आल्या होत्या. चहाच्या वेळी आप्पांची गोष्ट निघाली, तेव्हा त्या चिटणिसांना म्हणाल्या, “अहो, बडा ख्याल झाला की मी तानपुरा पुन्हा लावून घेतेच. तेवढ्यात दार उघडलंत तर माझं काय बिघडणार आहे?” इतकी साधी गोष्ट आमच्या कोणाच्याही डोक्यात आली नव्हती! पुढच्या बैठकीत चिटणिसांनी पाटीवर एक ओळ वाढवली: ‘उशिरा आलेल्यांसाठी ख्याल संपल्यावर दार उघडले जाईल.’ आणि स्वतः मळ्यावर जाऊन ते आप्पांना सांगून आले. काढणी आटोपल्यावर, चैत्रात, आप्पा आले. पहिल्या ख्यालापर्यंत ओट्यावर, नंतर आत. दादेचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

तालापेक्षा कडक नियम कोणता? तीनतालाच्या सोळा मात्रांतली एकही कुणासाठी थांबत नाही. पण तो नियम गाणाऱ्याला समेवर आणण्यासाठी असतो, बाहेर ठेवण्यासाठी नाही. मंडळाच्या नियमांनी एवढे जरी तालाकडून घेतले, तरी पुष्कळ झाले.

आता दिवाळी आली. पहाटेच्या मैफली होतील, रात्री मुकलेल्या कानांवर सकाळचे राग पडतील. वेळेवर जा. उशीर झालाच, तर ख्याल संपेपर्यंत दाराशी थांबा. आणि आत बसला असाल, तर दार उघडल्यावर येणाऱ्यासाठी थोडे सरकून घ्या.