पाचवी सूचना

या शनिवारी खरं तर तोरण्याच्या ट्रेकबद्दल लिहायचं ठरवलं होतं. फोटोही निवडून ठेवलेत. पण बुधवारी रात्री सांगलीहून ताईचा फोन आला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरंच काही चाललंय. तोरणा कुठे पळून जात नाही. पुढच्या वेळी.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचा मुलगा नववीत आहे. गेलं वर्षभर त्यांच्या घरात रोज महाभारत. पोरगा रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाईलवर, क्लासला जातो म्हणून निघतो आणि जात नाही, मध्यंतरी भावजींच्या पाकिटातून पैसे गेले. तर कुणीतरी तिला एका निवासी संस्थेचं नाव सुचवलंय. वाया चाललेल्या मुलांना वळण लावतात म्हणे. "तू कंप्युटरवाला, जरा त्यांची वेबसाईट बघून सांग ना कशी आहे." (वेबसाईट बघून संस्था कळते, असा आमच्या घराण्याचा माझ्या डिग्रीवर विश्वास आहे!)

वेबसाईट झकास होती. हिरवळ, योगासनं, पांढऱ्या टी-शर्टात ओळीने उभी मुलं. पालकांसाठी सूचनांचं एक पान होतं. चौथी सूचना: पहिले नव्वद दिवस मुलाशी संपर्क नाही. पाचवी: त्यानंतर मूल फोनवर रडेल, तक्रारी करेल, घरी न्या म्हणेल; पालकांनी त्याकडे लक्ष देऊ नये.

ही पाचवी सूचना मी आधी ऐकली होती. जवळजवळ याच शब्दांत, पण अमेरिकेत, एका टेस्टरच्या तोंडून.

२०१६ साली मी ऑनसाईट होतो. युटा राज्यातलं लीहाय, सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधलं गाव. एका बाजूला डोंगर, हायवेला लागून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती. आमचा टेस्टर पस्तिशीतला, मितभाषी. पण त्याचे बग रिपोर्ट! प्रत्येक स्टेप, प्रत्येक स्क्रीनशॉट, सेकंदासकट वेळ, वर व्हिडिओ. "माझ्या मशीनवर होत नाही" म्हणायची सोयच नाही. आम्ही म्हणायचो, हा बग टाकत नाही, चार्जशीट दाखल करतो.

मी नुकताच स्क्रम मास्टर झालेलो, उत्साह उतू चाललेला. एका रेट्रोस्पेक्टिव्हला मी खुर्च्या गोल मांडल्या. एकेकाने मध्ये बसायचं, बाकीच्यांनी त्याच्या उणिवा तोंडावर स्पष्ट सांगायच्या, असा खेळ काढला. टेस्टरची पाळी आली तसा तो उठला आणि लॅपटॉप, जॅकेट तसंच टाकून बाहेर गेला. अर्ध्या तासाने पार्किंगमध्ये सापडला. गाडी बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, शर्ट घामाने चिंब. फेब्रुवारीत. बाहेर बर्फ होता.

दोन आठवड्यांनी त्याने आपणहून सांगितलं. पंधरा वर्षांचा असताना पहाटे चार वाजता दोन धिप्पाड माणसं त्याच्या खोलीत शिरली. त्याला वाटलं दरोडा पडलाय. "पोलिसांना फोन कर!" म्हणून तो आईला ओरडला. आई दारातच उभी होती. रडत होती, पण जागची हलली नाही. त्या माणसांचे पैसे तिनेच भरले होते. मूल राजीखुशी जाणार नाही म्हणून उचलून नेणारी माणसं भाड्याने मिळतात तिकडे. रीतसर धंदा आहे तो.

मग चौदा महिने दुसऱ्या राज्यात. पॉइंट आणि लेव्हल. खालच्या लेव्हलला परवानगीशिवाय बोलायचं नाही, संडासचं दार उघडं. वर चढायचं तर गोलात मध्ये बसून आपले गुन्हे कबूल करायचे, आणि ते पुरेसे वाटेपर्यंत बाकीच्या मुलांनी अंगावर ओरडायचं. कबूल करण्यासारखं संपल्यावर त्याने कधी न घेतलेल्या ड्रग्ज घेतल्याचंही कबूल केलं. लेव्हल मिळाली.

हा गोल आला कुठून ते मी नंतर शोधलं (माझ्याच खुर्च्या होत्या ना त्या). १९५८ मध्ये चार्ल्स डीडरिक नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात सिनॅनॉन ही व्यसनमुक्तीची संस्था काढली. तिथे एकमेकांवर तुटून पडण्याच्या सत्राला चक्क 'गेम' म्हणत. पुढे तिचा पंथ झाला. १९७८ मध्ये विरोधात लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत तिच्या लोकांनी जिवंत रॅटलस्नेक ठेवला, इथपर्यंत मजल गेली. १९९१ मध्ये ती बंद पडली, पण तोवर ही पद्धत अल्पवयीन मुलांच्या 'सुधारणा' शाळांत रुजली होती. अमेरिकन सरकारच्याच लेखा कार्यालयाने २००७ मध्ये सांगितलं की २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी निवासी संस्थांतल्या १,६१९ कर्मचाऱ्यांचा छळाच्या घटनांत संबंध नोंदवला होता. नोंदवले गेले ते. न नोंदवलेले कसे मोजणार?

कारण खरी मेख पत्रात आहे. टेस्टर घरी पत्रं लिहायचा. स्टाफ आधी वाचायचा. पहिल्या दोन पत्रांत त्याने इथे काय चाललंय ते लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे ती पाठवलीही गेली! कारण आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: तो छळाच्या गोष्टी लिहील, हेच त्याच्या आजाराचं लक्षण आहे, बधू नका. म्हणजे जितकं खरं लिहावं तितका तो आजारी ठरणार. आमच्या भाषेत, एरर आली की ती 'सगळं ठीक' म्हणून लॉगमध्ये जाईल असा कोड कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलेला.

तिसऱ्या पत्रात त्याने लिहिलं, इथे छान आहे, मला इथे पाठवल्याबद्दल आभारी आहे. ते पत्र आईने अजून जपून ठेवलंय.

मारहाण झाली होती का, हे मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला की मारलेलं विसरायला होतं. त्याचं लग्न चार वर्षं टिकलं. बायको "मला कळतंय" म्हणाली की त्याला वाटायचं, ही कुणाला तरी रिपोर्ट करणार. त्याचे बग रिपोर्ट तसे का असतात ते त्याने सांगितलं नाही. मीही बोललो नाही. चार्जशीटचा विनोद मात्र त्यानंतर मी कधी केला नाही.

प्रोव्होला आम्ही शनिवारी देसी जेवण शोधत जायचो. त्याच गावाच्या नावाच्या शाळेत, प्रोव्हो कॅन्यन स्कूलमध्ये, नव्वदच्या दशकात पॅरिस हिल्टनला अकरा महिने ठेवलं होतं. (हो, तीच.) २०२० मध्ये ती याबद्दल उघड बोलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये युटाच्या विधिमंडळासमोर तिने साक्ष दिली. शाळेची मालकी २००० मध्ये बदलली, आधीच्या काळाबद्दल आम्ही बोलू शकत नाही, असं नंतरच्या मालकांचं म्हणणं. त्याच वर्षी राज्याने कायदा केला. त्यातलं एक कलम असं, की मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी खाजगीत बोलू द्यायलाच हवं. एवढ्या साध्या गोष्टीला कायदा लागला आणि तोही एका हॉटेलसम्राटाच्या पणतीने तोंड उघडल्यावर.

पैसेवाल्यांच्या मुलांची ही गत, तर बाकीच्यांची? न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर सोळा वर्षांचा होता, २०१० मध्ये बॅग चोरल्याच्या आरोपाखाली पकडला. जामीन ३,००० डॉलर, घरी तेवढे नव्हते. खटला न चालताच रायकर्स आयलंडच्या तुरुंगात तीन वर्षं, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. गुन्हा कबूल कर, सोडतो, असं त्याला सांगितलं गेलं. मी चोरी केली नाही, म्हणत तो नाकारत राहिला. खोटं कबूल केलं असतं तर लेव्हल मिळाली असती! २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. घरी आल्यावरही तो कोठडीतल्यासारखा आपल्या खोलीत एकटाच येरझारा घालायचा. जून २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. बावीस वर्षांचा होता.

आपल्याकडचं एक पत्रही या निमित्ताने वाचनात आलं. तिहारमधल्या सुनील बात्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कळवलं की दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने छळ केलाय. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं, आणि डिसेंबर १९७९ च्या निकालात तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं. त्या पेट्यांचं पुढे काय होतं हा वेगळा विषय. पण फाशीच्या कैद्याचं पत्र खरं असू शकतं, एवढं तरी तिथे कुणीतरी धरून चाललं.

असो. काल ताईला फोन केला. हे सगळं सांगायला गेलो असतो तर "तुझं आपलं अमेरिकेचं काहीतरी" म्हणाली असती. म्हणून एकच म्हटलं, "त्यांना विचार, पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी एकटीने, खोलीत कुणी नसताना बोलता येईल का."

तिने विचारलं. नियमात बसत नाही म्हणाले.

"पण मग मी काय करू ते तरी सांग," ताई म्हणाली. आवाज रडवेला होता. "रात्रभर झोप नाही रे मला. तू लांबून बोलतोस." बरोबर आहे तिचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेस्टरच्या आईलाही झोप नसणार तेव्हा.

शेवटी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत पाठव त्याला माझ्याकडे पुण्याला. ती हो म्हणाली, पण संस्थेचा फॉर्म फाडलेला नाही, कपाटात ठेवलाय. पोराचा फोनवर एकच प्रश्न होता: "मामा, तुझ्याकडे वायफाय आहे ना?"

आहे म्हटलं.